मृत्यूचं कारण : कावीळ

पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या जिल्ह्याचा आहे, घराघरातला आहे. सवडीनं का होईना, पूर्ण वाचा.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं वीतभर लांबीचं इंद्रिय. इन्सुलिन इथंच तयार होतं, अन्न पचवणारे रस इथूनच येतात. या स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं किती माणसं मरतात याचा जगाचा नकाशा काढला, तर युरोप, अमेरिका, जपान गडद दिसतात आणि भारत फिकट. भारताच्या आत पाहिलं तर मुंबईसारखी शहरं त्यातल्या त्यात गडद आणि आपल्यासारखा ग्रामीण भाग अगदीच फिकट.

मग वेळापूर, माळशिरस, अकलूज भागातल्या माणसानं हा नकाशा बघून निश्चिंत व्हायचं का? "आपलं खाणंपिणं साधं, हवा चांगली, कष्टाचं शरीर, आपल्याकडे असले रोग कमी" असं आपण सहज बोलून जातो. ते कितपत खरं आहे हे तपासायचं असेल, तर आधी आपल्याकडे मरण मोजायची पद्धत कशी सुरू झाली आणि कुठवर आली, ते बघावं लागेल. ती गोष्ट आपल्या जिल्ह्यातूनच जाते.

बार्शीच्या हॉस्पिटलचं नाव

बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याचं पूर्ण नाव नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. 'मदर इंडिया'मधल्या नर्गिस. त्या कॅन्सरनं गेल्या हे अनेकांना ठाऊक असतं, पण कशाच्या कॅन्सरनं हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. तो स्वादुपिंडाचा कॅन्सर होता.

१९८० साली नर्गिस राज्यसभेच्या सदस्य होत्या. ऑगस्टमध्ये अधिवेशन चालू असताना त्यांची तब्येत बिघडली. सुरुवातीला समज असा झाला की कावीळ आहे. मुंबईत तपासण्या झाल्या आणि पुढे खरं निदान बाहेर आलं. न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या कॅन्सर रुग्णालयात उपचार झाले. तरी ३ मे १९८१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मुलाचा पहिला चित्रपट 'रॉकी' अवघ्या काही दिवसांनी पडद्यावर येणार होता.

यातला 'आधी कावीळ वाटली' हा भाग लक्षात ठेवा. यकृतातून पित्त आणणारी नळी आतड्यात उतरताना स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून जाते. तिथं गाठ झाली की नळी दबते, पित्त तुंबतं आणि अंग पिवळं पडतं. म्हणजे कावीळ खरीच असते, पण ती दुसऱ्या रोगाची खूण असते. राज्यसभेच्या सदस्य असलेल्या, मुंबईतल्या उत्तम डॉक्टरांच्या हाताशी असलेल्या बाईंच्या बाबतीत पहिला अंदाज कावीळ असा निघाला. त्याच वर्षी आपल्या एखाद्या वाडीवरची बाई याच रोगानं गेली असेल, तर तिच्या नावापुढं काय लिहिलं गेलं असेल? कावीळ. तेही कुणी लिहिलं असेल तर.

लंडनच्या म्हाताऱ्या आणि आपल्याकडचा पाटील

मरणाची कारणं मोजायचा उद्योग जुना आहे. लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जायची. जॉन ग्रँट नावाच्या एका कापड-बिसातीच्या व्यापाऱ्यानं अशा अनेक वर्षांच्या याद्या जमवल्या आणि १६६२ साली त्यावर पुस्तक काढलं. लोकसंख्येच्या अभ्यासाची सुरुवात तिथून धरतात. त्या याद्यांत 'कावीळ' हा वेगळा रकाना होता. 'म्हातारपण' हाही होता. कारण ठरवत कोण होतं? डॉक्टर नव्हे. त्या कामासाठी नेमलेल्या वयस्क बायका घरी जाऊन प्रेत बघायच्या, घरच्यांना विचारायच्या आणि सांगायच्या. ग्रँटनं स्वतःच हा प्रश्न उपस्थित केला होता की यांच्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मृत्यूंची नोंद सुरू झाली. खबर गावच्या अंमलदाराकडून, म्हणजे पाटलाकडून वर जायची. कारणांचे रकाने मोजकेच होते : पटकी, देवी, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघाती मृत्यू आणि बाकी सगळं 'इतर'. १८९६ ला मुंबईत प्लेग आल्यावर प्लेगचा रकाना आला. सगळ्यात फुगलेला रकाना असायचा 'ताप'. मलेरिया असो, विषमज्वर असो, क्षय असो, मरताना अंग तापलेलं होतं ना, मग लिहा ताप.

सरकारनं हेच रोग का निवडले? कारण हे पसरणारे रोग होते. आपलं वेळापूर ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवरचा मुक्काम. आषाढी वारीत पंढरपूरला पटकी आली का, कुठल्या वाटेनं आली, पुढं कुठं गेली, याकडे इंग्रजी आरोग्य खात्याचं बारीक लक्ष असायचं. पटकी फौजेच्या छावणीपर्यंत पोचू शकत होती, व्यापार बंद पाडू शकत होती. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे कॅन्सरनं मेलेला शेतकरी 'इतर' मध्ये गेला, आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरवाला तर तिथंही नुसता एक आकडा.

"हिंदी लोकांना कॅन्सर होत नाही"

अशा वह्यांवरून मग निष्कर्ष निघाले. कॅन्सर हा सुधारलेल्या, मांस खाणाऱ्या, शहरी लोकांचा रोग आहे, साध्या राहणीच्या हिंदी माणसाला तो फारसा होत नाही, असं त्या काळात बरेच गोरे डॉक्टर मानत. आपल्यालाही ते ऐकायला गोड वाटलं.

१९३० च्या दशकात विश्वनाथ आणि ग्रेवाल या दोन संशोधकांनी देशभरच्या रुग्णालयांतले शवविच्छेदनाचे आणि बायोप्सीचे जुने कागद तपासले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या वयात कॅन्सर होतो त्या वयाला पोचलेली माणसं घेतली, तर इथंही तो इतर देशांसारखाच होतो. तेव्हा हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर मुख्यतः साठी-सत्तरीतला रोग. ज्या देशात बहुतेक माणसं त्या वयाआधीच देवी, प्लेग, हगवणीनं जात होती, तिथं तो दिसणार कसा?

पुढं १९४१ ला मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. आपल्या देशातल्या विकृतिशास्त्राचे आद्य पुरुष म्हणून त्यांचं नाव घेतात. कुठल्या भागातल्या, कुठल्या समाजातल्या लोकांना कुठला कॅन्सर जास्त होतो आणि त्याचा तंबाखू, पान, राहणी यांच्याशी काय संबंध आहे, हे त्यांनी चिकाटीनं मांडलं. प्रदेशाप्रदेशांत फरक असतो आणि त्यामागे शोधण्यासारखं कारण असतं, ही गोष्ट आपल्याकडे तेव्हापासून गांभीर्यानं घेतली जाऊ लागली.

पण रुग्णालयाच्या कागदांत एक अडचण असते. रुग्णालयापर्यंत जो आला तोच दिसतो. न आलेल्याचं काय? त्यासाठी एक ठरावीक प्रदेश घ्यायचा, तिथली लोकसंख्या धरायची आणि त्या प्रदेशात कुठंही, कुणालाही कॅन्सर झाला तरी तो शोधून नोंदवायचा, अशी पद्धत लागते. तिला कॅन्सर नोंदणी म्हणतात. भारतातली अशी पहिली नोंदणी १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत सुरू केली. त्यामागे डॉ. जस्सावाला होते. पुढं पुणे, नागपूर, औरंगाबाद झालं. सगळी शहरं. खेड्याचा आकडा कुणाकडेच नव्हता.

१९८७ : बार्शी

खेड्यातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली १९८७ साली, आणि ती सुरू झाली आपल्या सोलापूर जिल्ह्यात. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. बार्शी जुन्या मुंबई इलाख्यातली, परांडा आणि भूम निजामाच्या राज्यातले, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी जिथं सरहद्द होती तिच्या दोन्ही अंगांची गावं एका वहीत आली.

बार्शीचे डॉ. बी. एम. नेने आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकारानं ही नोंदणी उभी राहिली. काम कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. शहरात रुग्णालयं आणि लॅबचे कागद गोळा केले की बरंचसं काम होतं. इथं कागदच नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरायचे. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, दाई यांना भेटायचे. अंगावरून पांढरं-लाल जाणं, न भरणारी जखम, गिळायला त्रास, गाठ, अशी लक्षणं कुणाला आहेत का विचारायचे. संशयित माणसाला बार्शीला आणून तपासायचे. गावात कोण वारलं, कशानं वारलं, हेही विचारायचे. म्हणजे नोंदणी आणि जनजागृती एकाच फेरीत. त्याचा परिणाम पुढच्या काही वर्षांत दिसला : गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात असतानाच दवाखान्यात येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. नुसतं विचारत राहिल्यानं एवढं झालं.

पण माळशिरस तालुका त्या तीन तालुक्यांत नव्हता. वेळापूरपासून बार्शी शंभरेक किलोमीटर. जिल्हा एकच, पण त्या ३४६ गावांतला माणूस कशानं गेला हे शोधणारं कुणीतरी होतं, आणि आपल्याकडे नव्हतं.

दोन अभ्यास, दोन उत्तरं

आता मुख्य मुद्दा. देशभरच्या कॅन्सर नोंदण्यांचा एकत्र अहवाल आयसीएमआर काढतं. २०१२ ते २०१६ या काळाच्या आकड्यांत देशात सगळ्यात कमी कॅन्सर कुठं निघाला? आपल्या शेजारी, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीड जिल्ह्यांत. लाख पुरुषांमागे वर्षाला ३९.५ नवे रुग्ण. सगळ्यात जास्त मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात, २६९.४. जवळजवळ सात पट. (हे आकडे वयाचा फरक काढून टाकून मोजलेले असतात. म्हणजे एकीकडे म्हातारे जास्त आणि दुसरीकडे तरुण जास्त, यामुळे येणारा फरक त्यात धरलेला नसतो.)

ऐझॉलमध्ये तंबाखूचं प्रमाण खरंच भयंकर आहे, तंबाखूच्या धुराचं पाणीसुद्धा तिथं तोंडात धरतात. तेव्हा त्यांचा आकडा खोटा म्हणता येत नाही. पण आपल्याकडचा ३९.५ पूर्ण खरा आहे का?

याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूनं भिडणारा एक मोठा अभ्यास झाला. त्याचं नाव मिलियन डेथ स्टडी. भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या मदतीनं देशभरातले ६,६७१ छोटे भाग निवडले. तिथं जे जे वारले त्यांच्या घरी प्रशिक्षित माणसं गेली, घरच्यांशी बोलून शेवटच्या आजारपणाची हकिगत लिहून आणली, आणि ती वाचून डॉक्टरांनी कारण ठरवलं. माणूस दवाखान्यात गेला होता की नाही याला महत्त्वच ठेवलं नाही. कॅन्सरचे निष्कर्ष २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आले.

त्यात काय निघालं? ३० ते ६९ या वयोगटात कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण खेड्यात लाख पुरुषांमागे ९५.६ आणि शहरात १०२.४. बायकांमध्ये खेड्यात ९६.६, शहरात ९१.२. म्हणजे जवळपास सारखंच. खरा फरक शिक्षणाचा निघाला. निरक्षर पुरुषांत १०६.६ आणि सगळ्यात जास्त शिकलेल्यांत ४५.७. बायकांतही तसंच, दुपटीहून जास्त.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. नोंदणी म्हणते खेड्यात रुग्ण कमी. घरोघर जाऊन विचारलं तर कळतं, मरणारे शहराइतकेच. मधली माणसं कुठं गेली? थोडा फरक असा की खेड्यात रोग झाल्यावर वाचणारे कमी, त्यामुळे रुग्ण कमी असूनही मरणं तितकीच होतात. पण त्याबरोबर हेही मानावं लागतं की बरेच जण रुग्ण म्हणून कधी नोंदलेच गेले नाहीत.

स्वादुपिंडाचं गणित वेगळं का?

स्तनाच्या कॅन्सरचा मृत्युदर कुठं कमी असेल, तर त्याची दोन कारणं असू शकतात : एकतर रोग कमी, नाहीतर उपचार चांगले. स्वादुपिंडात दुसरं कारण जवळजवळ बादच होतं. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार जगात सुमारे ४ लाख ९६ हजार नवे रुग्ण झाले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६६ हजार मृत्यू. जितके होतात जवळपास तितके जातात. अमेरिकेतसुद्धा पाच वर्षं जगणारे शंभरात तेरा-चौदाच्या पुढं नाहीत. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना २०१८ साली हा रोग असल्याचं कळलं. गोवा, मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली, सगळीकडे उपचार झाले. १७ मार्च २०१९ ला ते गेले.

म्हणून या रोगाचा मृत्युदर एखाद्या भागात कमी असेल, तर दोनच अर्थ निघतात. रोगच कमी आहे, किंवा रोगाला त्याचं नाव मिळालेलं नाही.

रोगच कमी असण्यालाही आधार आहेत, ते लपवायचं कारण नाही. अमेरिकेत वर्षाला सुमारे ५० हजार माणसं या कॅन्सरनं जातात. आपल्या देशात अंदाज १२ हजारांच्या आसपासचा, आणि आपली लोकसंख्या त्यांच्या चौपट. वय जुळवून मोजलं तरी कित्येक पटींचा फरक उरतो. तिकडं पिढ्यानपिढ्या सिगारेट ओढली गेली, लठ्ठपणा जास्त, जुना मधुमेह जास्त. ही सगळी या रोगाची मानलेली कारणं आहेत. भारतातही सगळीकडे सारखं नाही. केरळात तरुणपणीच स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह होणारा एक आजार पूर्वी बराच दिसायचा. डॉ. गीवर्गीस यांनी त्याचा आयुष्यभर अभ्यास केला. साबुदाणा ज्याच्यापासून होतो त्या कंदामुळे तो होतो असा तर्क होता, तो सिद्ध झाला नाही. पण हा आजार असलेल्यांना पुढं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा खूपच जास्त असतो, हे दिसून आलं. तेव्हा प्रदेशाप्रदेशातला फरक खरा असू शकतो.

पण आपल्याकडचं चित्रही बघा. धूर न काढता वापरायच्या तंबाखूमुळेही स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं दिलेला आहे. मळून खायची तंबाखू, बायकांची मिश्री, गुटखा, यातलं काय कमी आहे आपल्याकडे? मधुमेह आता वाडी-वस्तीवर पोचलाय. आयुर्मान सत्तरीला आलंय. रोगाची कारणं वाढत असताना आकडा मात्र फिकटच राहत असेल, तर शंका आकड्यावर घ्यायला हवी.

आणि नाव मिळायला काय लागतं? हे इंद्रिय पोटात इतकं आत असतं की हाताला लागत नाही. सीटी स्कॅनचा शोध १९७१ चा. त्याआधी पोट उघडल्याशिवाय किंवा शवविच्छेदनाशिवाय खात्री करायची सोय जगात कुठंच फारशी नव्हती. जिथं मशीन आधी पोचलं तिथं नकाशा आधी गडद झाला. घरी जाऊन हकिगत विचारणाऱ्या अभ्यासातही तोंडाचा, जठराचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर ओळखू येतो. स्वादुपिंडाचा तिथंही निसटतो, कारण घरचे सांगतात ते एवढंच : "पोटात दुखायचं, अन्न जाईना, कावीळ झाली, वाळत वाळत गेला."

माळ, चुन्याचं पाणी आणि गेलेला महिना

कावीळ उतरवणारी माणसं आपल्या भागात ठिकठिकाणी आहेत. कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवतं, कुणी नाकात औषध टाकतं. त्यांच्यावर लोकांचा विश्वास का बसलाय? दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला मिळतं. शंभरातले नव्वद बरे झाले की पुढच्या शंभरांना तीच वाट दाखवली जाते.

गाठीमुळे झालेली कावीळ मात्र उतरत नाही, वाढतच जाते. अंगाला सारखी खाज सुटते, लघवी गडद होते, शौचाला मातकट पांढरं होतं. पुष्कळदा पोट दुखतही नाही, त्यामुळे घाई वाटत नाही. एक माळ झाली, दुसरी झाली, पथ्य झालं, महिना-दीड महिना गेला. या रोगात शस्त्रक्रिया करता येईल अशा टप्प्यावर सापडणारे मुळात शंभरातले पंधरा-वीस. तो महिना त्यांचाच गेलेला असतो.

आणि माणूस गेल्यावर? दहावा-तेरावा झाला की कुणीतरी ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करतं. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते. कायदा १९६९ चा आहे, २०२३ ला त्यात सुधारणा झाली. मृत्यूच्या नमुन्यात कारणाचा रकाना असतो, कारण डॉक्टरनं प्रमाणित केलंय का असाही प्रश्न असतो. त्याच कागदावर आणखी प्रश्न असतात : मयत व्यक्तीला बिडी-सिगारेट, तंबाखू, सुपारी-पानमसाला, दारू यांची सवय होती का, आणि किती वर्षं? प्रत्येक मरणामागं हे भरलं गेलं असतं, तर प्रत्येक तालुक्यात एक बार्शी उभी राहिली असती. आपल्या घरच्या शेवटच्या नोंदीत हे रकाने कुणी भरले होते, ज्याचं त्यानं आठवावं. दाखला वारस नोंदीला लागतो, बँकेला लागतो, विम्याला लागतो. तलाठ्याला कारणाशी घेणं नसतं, बँकेलाही नसतं. म्हणून कारण कुणी विचारत नाही. २०२० साली देशभरात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी ज्यांचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलं होतं असे मृत्यू होते फक्त २२.५ टक्के.

मोजून काय मिळतं?

कुणी म्हणेल, ज्या रोगात माणूस वाचतच नाही तो मोजून उपयोग काय? त्याचंही उत्तर आपल्याच भागात आहे.

बार्शीच्या लोकांनी, टाटा मेमोरियलनं आणि त्याच आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं मिळून १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार ७४६ बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कुठली तपासणी खेड्यात उपयोगी पडते, हा प्रश्न होता. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली. त्या गटात पुढं या कॅन्सरनं ३४ जणी गेल्या. ज्या गटात तपासणी झाली नव्हती तिथं ६४ गेल्या. २००९ साली हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं, आणि जगभरच्या तपासणी धोरणात त्याचा दाखला दिला जातो. एका गटाला तपासणीविना ठेवलं यावर टीकाही झाली आणि ती विसरण्यासारखी नाही. पण ३४ आणि ६४ हा फरक कळला कसा? कारण तिथं गावोगावच्या मरणाचं कारण शोधून लिहिणारी माणसं आणि तशी सवय आधीपासून तयार होती.

स्वादुपिंडासाठी सर्वांना करता येईल अशी सोपी तपासणी अजून जगात नाही. तरी मोजणी लागते. सीटी, एंडोस्कोपी, पित्तनळीत स्टेंट टाकायची सोय जिल्ह्यात कुठं आणि किती हवी, हे आकड्याशिवाय कुणी ठरवत नाही. शिवाय आपल्या ऊस पट्ट्यात अलीकडे सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य आहे : "फवारण्या वाढल्या, त्यामुळं कॅन्सर वाढलाय." असेलही, नसेलही. पण वीस वर्षांपूर्वी किती होता हेच लिहिलेलं नसेल, तर वाढला हे सिद्ध कसं करणार आणि जबाबदार कुणाला धरणार? ज्याची नोंद नाही त्याची तक्रारही टिकत नाही.

आपल्या हातात आहे ते सांगतो.

एक. पन्नाशीपुढच्या माणसाला कावीळ झाली, सोबत खाज आहे, शौचाला पांढरं होतंय, वजन उतरतंय, तर माळ घालायची असेल तर घाला, पण त्याच आठवड्यात रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करा आणि डॉक्टर म्हणाले तर सीटी टाळू नका. पन्नाशीनंतर अचानक साखर निघाली आणि वजनही घटत चाललंय, तर तेही डॉक्टरांना नीट सांगा. बहुतेक वेळा दुसरंच काही निघेल. निघू द्या.

दोन. तंबाखू आणि मिश्री. यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना कळतं.

तीन. घरात मरण झालं आणि आजारपणात डॉक्टर बघत होते, तर त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या. ते फुकट द्यायचं असतं. ग्रामपंचायतीत नोंद करताना 'म्हातारपण', 'हार्ट अटॅक', 'कावीळ' असं सवयीनं सांगू नका. फाइल सोबत न्या, त्यात जे निदान असेल तेच लिहायला लावा. तंबाखूचे रकाने भरायला लावा. यात बदनामी काही नाही.

चार. ग्रामसभेत एकदा विचारा : मागच्या वर्षी गावात किती जण वारले आणि त्यातल्या किती जणांचं कारण आपल्या दप्तरात लिहिलंय? कुणावर आरोप करायचा नाही, फक्त आकडा मागायचा.

३४६ गावांत ते काम १९८७ ला सुरू झालं, आणि सुरुवात झाली ती दारात जाऊन "तुमचा माणूस कशानं गेला?" असं विचारण्यापासून. आपल्याकडे ते विचारायला बाहेरून कुणी येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीतला तो कागद घरचेच भरतात.